देवगावसाठी वळवलेला ताफा

"बिडकीन पडलं!"

शेजारच्या घरातून भर दुपारी ही आरोळी आली, तेव्हा मी सोसायटीत नवीन होते. कणकेच्या हातांनीच धावले. साळुंकेकाका बनियन-लुंगीवर कॉम्प्युटरपुढे बसले होते. म्हणाले, "घाबरू नका मॅडम. ग्रह हाय. शत्रूचा होता, आता आपला."

काकांनी अख्खी नोकरी बस डेपोत गाड्या सोडण्यात घालवली. निवृत्तीनंतर भाच्यानं त्यांना अंतराळयुद्धाचा खेळ दिला. एक साम्राज्य आपलं, एक कॉम्प्युटरचं. जहाजांचे ताफे पाठवून ग्रह जिंकायचे. ग्रहांची इंग्रजी नावं काकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपल्या भागातली गावं घातली. जहाजांचा कारखाना शहागंजात!

काका सहसा हरत नसत. पण जिंकल्याच्या आनंदापेक्षा त्यांना शत्रूचा संताप जास्त.

"पन्नास जहाजं हायत ह्याच्याकडं. सोडतो कशी? एकेक! आलं की मी फोडतो. गाड्या अशा सोडतात व्हय?"

कधी ते मुद्दाम दोन फुटकळ जहाजं एखाद्या ओसाड ग्रहाकडं पाठवत. कॉम्प्युटर हातातली लढाई टाकून अख्खी फौज तिकडं पळवी, आणि काका मागून त्याच्या कामाच्या ग्रहावर उतरत. काकांनी तहाचा निरोप धाडला, तर तो हरता हरता उलट धमकी देई.

"हुरूप लई, अक्कल नाय. माझ्या हाताखाली असता तर रोज मेमो दिला असता!"

गेल्या रविवारी त्यांनी मला खास बोलावलं. "या, राजधानी पाडतो." दोन महिन्यांचं युद्ध होतं. सगळा ताफा शत्रूच्या दारात उभा, आत राखणीला चिटपाखरू नाही. एक चाल बाकी.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपके चमकले. शत्रूची काही जहाजं काकांच्या एका लांबच्या ग्रहाकडं निघाली होती. तिथं ना खाण, ना कारखाना. नाव देवगाव रंगारी.

"जाऊ द्या काका, ओसाड तर आहे."

काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि ताफा वळवला.

"अहो, सगळा?"

"समदा."

देवगाव वाचलं. तेवढ्यात शत्रू सावरला. आधी बिडकीन गेलं, मग शहागंजचा कारखाना. संध्याकाळपर्यंत काका हरले.

मला राहवलं नाही. "कॉम्प्युटरनं हेच केलं असतं, तर मेमो दिला असता तुम्ही."

"दिला असता," काका हसले. मग पडद्याकडं बघतच म्हणाले, "शोभा तिकडं हाय, देवगावला, माहेरी. सासूबाईंना लकवा झाला तेव्हापासून. त्यांचं करायला दुसरं कोण नाय. दोन वर्षं झाली."

काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं. काका एकटेच, असंच मी धरून चालले होते.

त्यांनी फोन लावला. एवढ्या बसगाड्यांवर ओरडलेला तो आवाज एकदम खाली आला.

"शोभा, समदं ठीक हाय ना तिकडं?... नाय गं, काय झालं नाय. सहज विचारलं."