दोन घड्याळांची जुंपणी

निर्णय अगदी साधा होता. मेहुण्याने टेबलावर मांडलेल्या दोन घड्याळांपैकी एक उचलायचे, मनगटावर चढवायचे आणि "हे बरं हाय" म्हणायचे. किशनरावांनी त्या क्षणी एवढे केले असते, तर पुढचा सारा अनर्थ टळला असता. पण तालुक्याच्या कचेरीत उभी हयात टेबल सांभाळलेल्या माणसाला तुलना केल्यावाचून खराटाही घेता येत नाही. किशनराव म्हणाले, "दोन्ही राहू दे चार दिवस. वापरून पाहतो, मग सांगतो."

(लोककथेत जोगी दोन पेट्या पुढे ठेवतो, तेव्हा नायक एक उचलतो आणि वाटेला लागतो. दोन्ही पेट्या घरी नेऊन चार दिवस वापरून पाहण्याची सवलत मागणारा नायक कोणत्याही प्रांताच्या कथेत आढळत नाही. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.)

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता. डोंगरकड्याच्या किशनरावांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या पत्नी संध्याबाई यांचा धाकटा भाऊ बुद्धभूषण, मालवाहू जहाजावर फिटर होता आणि सुटीवर आला होता. त्याने आणलेली दोन्ही घड्याळे पाणबुड्यांची होती, परदेशात घडवलेली. एक काळ्या तबकडीचे, रबरी पट्ट्याचे, मनगटावर बेडकासारखे बसणारे. दुसरे निळ्या तबकडीचे, पोलादी साखळीचे, नवरदेवासारखे चमकणारे. दोन्हींच्याही तबकडीभोवती करकर वाजत एकाच दिशेने फिरणारे कडे होते.

"दाजी, एक तुमचं, दुसरं आमच्या चीफसाहेबाचं," बुद्धभूषण म्हणाला. "साहेब पुढल्या आठवड्यात नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येऊन राहिलेत. तिथून आपल्याकडं येतील. तुमचं ठरलं की उरलेलं त्यांना द्यायचं. माझी पुढची बोट त्यांच्याच शब्दावर हाय, तवा तेवढं जपा."

"हे कडं कशाला?"

"पाण्याखाली गेल्यावर किती येळ दम पुरंल, ते कळतं. दोनशे मीटर खोल गेलं तरी घड्याळाला काही व्हत न्हाई."

"दोनशे मीटर!" किशनरावांच्या मातोश्री जनकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आपल्या हिकडं बोर तितकं खाली जातं बाबा. पाणी मात्र लागत न्हाई."

सगळे हसले. किशनरावही हसले, आयुष्यातले पुढचे आठ दिवस आपण हसणार नाही, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. कारण त्यानंतर त्यांनी सहज किंमत विचारली आणि बुद्धभूषणाने ती तितक्याच सहजपणे सांगितली. (ती येथे नोंदवीत नाही. किशनरावांनीही ती पुन्हा कधी उच्चारली नाही. केवळ ऐकली आणि जवळच्या खाटेवर बसले.) मग बुद्धभूषण कागदपत्रांच्या कामासाठी मुंबईला निघून गेला आणि घड्याळे घरात राहिली.

भय हे लोकमानसात बहुधा अंधारातून, पाण्यातून वा परक्या माणसाकडून येते. किशनरावांचे भय मात्र दीड इंच व्यासाच्या दोन तबकड्यांतून आले. त्या दिवसापासून रस्त्याने जाणारा प्रत्येक सायकलस्वार त्यांना पाळतीवरचा वाटू लागला. भंगारवाल्याने दारात आरोळी दिली, तेव्हा त्यांनी आतून कडी लावली. अखेर दोन्ही घड्याळे त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळली आणि ज्वारीच्या कणगीत कोपरभर खोल पुरून ठेवली. वापरून पाहण्याचा कार्यक्रम अशा रीतीने कणगीत सुरू झाला.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी घड्याळे उकरून काढली. दोन्ही बंद होती.

"मेलो," किशनराव म्हणाले.

त्यांचे हात लटलट कापू लागले. आणि नवल असे, की हात कापू लागताच दोन्ही घड्याळांचे काटे चालू झाले! किशनरावांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी घड्याळे हलकेच टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने काटे पुन्हा थांबले. ते पुन्हा घाबरले, उचलली, पुन्हा कापले, पुन्हा चालू.

"अगं, हे भीतीवर चालून राहिलं!" ते ओरडले.

संध्याबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुमच्याजवळ असल्यावर जलमभर बंद पडत न्हाई."

कॉलेजात शिकणाऱ्या शीतलने सोबतची पुस्तिका वाचून वडिलांना उलगडा केला. या घड्याळांत सेल नव्हता. हात हलला की आतले चक्र हलते, त्याने किल्ली भरते. काढून ठेवले की काही वेळाने घड्याळ थांबते. "पप्पा, बंद पडलं म्हणून बिघडत न्हाई. घातलं की पुन्हा चालू होतं."

पण भ्यालेल्या माणसाच्या कानात वाक्याचा पहिला अर्धाच भाग शिरतो. चीफसाहेब दारात उभे आहेत, घड्याळ बंद आहे आणि बुद्धभूषणाची बोट त्याच्यावाचून निघून चालली आहे, असे दृश्य किशनरावांना भरदिवसा दिसू लागले. आता दोन्ही घड्याळे अहोरात्र चालती ठेवणे आले. ते दोन्ही मनगटांवर दोन घड्याळे चढवून अंगणात हात झुलवीत फेऱ्या घालू लागले. संध्याकाळी भारनियमनात दिवे गेले, तेव्हा दोन्ही तबकड्यांवरचे ठिपके हिरवे चमकले आणि जनकाबाई किंचाळल्या, "आरं किसना, हालू नको! तुझ्या दोन्ही हातावर कायतरी बसलंय!" त्यांनी हातातले लाटणे उगारले. डावे मनगट थोडक्यात वाचले.

तुलनेची प्रगती म्हणाल तर ती अशी : काळे जड, निळे चकचकीत, काळे बाहीत अडकते, निळे हातावरचे केस ओढते, आणि भीती दोन्हींची सारखीच. रोजच्या वापराला कोणते बरे, हे काही केल्या ठरेना. तेव्हा किशनराव आपल्या शाळासोबत्याकडे, बंजारा तांड्यावरच्या प्रेमसिंगाकडे गेले.

प्रेमसिंगाचे पूर्वज लदेणीवाले होते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवणारे. प्रेमसिंग शेती करी, पण बैलाची पारख त्याच्या रक्तात होती आणि आसपासच्या बाजारात त्याच्या सल्ल्यावाचून जोडी ठरत नसे. त्याने दोन्ही घड्याळे तळहातावर तोलली, उलटी करून पाहिली, कानाला लावली.

"किसन, बैल कसा घेतात?"

"मला काय ठाव? मी कारकून माणूस."

"दात पाहायचे, शेपूट पिळायची, अन् मग भरल्या गाडीला जुंपायचं. आज उजवीकडं, उद्या डावीकडं. तुझे दोन्ही गोऱ्हे दावणीला उभे हायेत. कामाला जुंपल्याबिगर कोणता चांगला, कसं कळंल?"

हा युक्तिवाद किशनरावांना बिनतोड वाटला. (तो होताही. मात्र गोऱ्ह्याला लागू पडणारे तत्त्व घड्याळास जसेच्या तसे लावावे काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही.) ठरले असे, की काळे किशनरावांनी कचेरीत न्यावे, निळे प्रेमसिंगाने शेतावर, दुसऱ्या दिवशी अदलाबदल.

"फक्त थांबू देऊ नको रे," किशनराव काकुळतीला आले. "चालतं राहिलं पाहिजे. अन् चोरापासून जप."

"तकलीफ घेऊ नको. माझ्या बापजाद्यानं राजाचा माल पोचवलाय."

त्या दिवशी किशनरावांनी उन्हाच्या काहिलीत पूर्ण बाहीचा सदरा घातला, बाहीचे बटन लावले आणि बसमध्ये उजवा हात खिशात घालून उभे राहिले. कचेरीत त्यांनी डाव्या हाताने सह्या केल्या. साहेबांनी विचारले, "काय झालं हो हाताला?" ते म्हणाले, "वात." त्यांना घरी लवकर जाण्याची परवानगी मिळाली, आणि ते तडक तांड्यावर पोचले. प्रेमसिंग तळ्याच्या काठी लिंबाखाली निवांत बसला होता. त्याचे मनगट रिकामे होते.

"प्रेम्या, घड्याळ?"

"चालू हाय."

"कुठं चालू हाय?"

"माझ्या मनगटाला ती साखळी पुरंना. मग चांदरीच्या गळपट्ट्यात अडकवलं."

लदेणीच्या काळी कळपाचा म्होरक्या बैल देवासारखा जपला जाई. त्याच्या गळ्यातल्या घुंगरांना हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. प्रेमसिंगाच्या घरात ही समजूत अजून जिवंत होती. त्याने ट्रॅक्टर घेतल्यापासून बैल मात्र उरले नव्हते, त्यामुळे म्होरकेपण सेवाज्येष्ठतेने चांदरी नावाच्या म्हशीकडे आले होते.

"दिवसभर चालते ती," प्रेमसिंग अभिमानाने म्हणाला. "घड्याळ कसं थांबंल? अन् तिच्या अंगाला परका माणूस हात लावत न्हाई. शिंग मारती."

"चांदरी कुठाय?"

प्रेमसिंगाने तळ्याकडे बोट दाखवले. मधोमध पाण्यावर दोन शिंगे, दोन डोळे आणि एक तृप्त नाकपुडी दिसत होती. गळा दिसत नव्हता.

किशनरावांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने काठावरचे बगळे उडाले. पोहणे त्यांना येत नव्हते. पाण्याला ते लहानपणापासून भीत. पण त्या क्षणी बुद्धभूषणाची बोट त्यांना त्या तळ्यात बुडताना दिसत होती. ते कपड्यांनिशी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. आणि उजवा हात, ज्यावर काळे घड्याळ होते, तो त्यांनी आभाळाकडे उंच धरला.

"आरं, हात खाली घे!" प्रेमसिंग काठावरून ओरडला. "ते पाण्यातलंच हाय! हातानं पाणी तोड!"

"भिजंल!"

"त्याच्यासाठीच बनवलंय ना ते!"

"माझ्या हातानं भिजू देणार न्हाई!" किशनराव ओरडले आणि त्याच वेळी गाळात त्यांचा पाय गेला. डोके पाण्याखाली गेले. पाण्यावर राहिला तो एक ताठ हात, त्यावर कोरडे ठणठणीत घड्याळ. दोनशे मीटर खोल जाणारे ते यंत्र पाण्याबाहेर होते आणि अडीच हात पाण्यात त्याचा मालक गटांगळ्या खात होता.

प्रेमसिंगाने उडी घेतली. तो पोचेपर्यंत किशनरावांचा डावा हात कशावर तरी पडला. ते चांदरीचे शेपूट होते. चांदरी दचकली, फुरफुरली आणि किशनरावांना ओढीत थेट काठावर आली. गळपट्ट्यात निळे घड्याळ होते. चिखलाने माखलेले, काचेवर शिंगाचा ओरखडा, भोवतालचे कडे फिरलेले. आणि काटा टिकटिक चालत होता.

ओरखडा पुसून जात नव्हता. किशनरावांनी दंतमंजन लावून पाहिले, खोबरेल लावून पाहिले. त्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. संध्याबाई म्हणाल्या, "काळं साहेबाला द्या, ओरखड्याचं तुमी ठेवा. इतकं सोपं हाय."

"अन् त्यांनी निळंच मागितलं तर?"

"मग खरं सांगा."

"ते कसं सांगू?"

"जसं झालं तसं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तसंबी तुमाला खोटं बोलताना पाहिलं की कुणीबी वळखतं."

चीफसाहेब आले. उंचेपुरे, पिकल्या दाढीचे सरदारजी. सोबत मुंबईहून परतलेला बुद्धभूषण. दोन्ही घड्याळे चहाशेजारी मांडली होती. साहेबांनी निळे उचलले, ओरखड्यावर अंगठा फिरवला आणि भुवई उंचावली. बस्स, एवढे पुरेसे होते. कोणी एक शब्दही विचारण्याआधी किशनरावांनी कणगी, लाटणे, म्हैस, तळे हे सगळे मोडक्या हिंदीत ओकून टाकले आणि शेवटी हात जोडले, "साब, गलती मेरी है. लडके का बोट मत जाने दो."

बुद्धभूषणाने डोळे मिटले. मग साहेबांचे खांदे गदगद हलू लागले. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "भाईसाहब, तीस साल से समंदर में हूँ. ऐसी घड़ी पहने सौ अफ़सर देखे. पानी में एक भी नहीं उतरा." त्यांनी निळे घड्याळ ओरखड्यासकट मनगटावर चढवले. "पूरी दुनिया में यही एक है जो काम पर गई है. यही लूँगा." जाताना बुद्धभूषणाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "अगले महीने जॉइन कर. जीजाजी को मत लाना."

अशा रीतीने काळे घड्याळ किशनरावांचे झाले. ते रोज घालीत, पण बाहीच्या आत, बटन लावून. बसमध्ये कोणी वेळ विचारली की सांगत, "घड्याळ न्हाई बा आपल्याकडं." हे सांगता सांगता वर्ष गेले. कचेरीतल्या मंडळींना दया आली. एवढा ज्येष्ठ माणूस, साधे घड्याळ नाही! त्यांच्या वाढदिवशी सर्वांनी मिळून स्थानिक दुकानातून एक सेलवाले घड्याळ आणले. कचेरीच्या साहेबांनी छोटेसे भाषण केले, हार घातला आणि स्वतःच्या हाताने ते बांधण्यासाठी किशनरावांची बाही वर सारली.

आत काळे घड्याळ होते. साहेबांनी ते निरखून पाहिले.

"अरेच्चा! किशनराव, हे डुप्लिकेट कुठून उचललं?"

किशनरावांना दरदरून घाम फुटला. खरे सांगावे, तर उद्या जिल्हाभर बोभाटा. ते म्हणाले, "नांदेडच्या फुटपाथवरून, साहेब."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या मनगटावर नवे घड्याळ बांधले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून किशनराव निर्भय झाले. काळे घड्याळ ते आता उघड्या मनगटावर घालतात, दुसऱ्या मनगटावर कचेरीने दिलेले. काळे फुटपाथवरचे, हे तालुकाभर ठाऊक झाले आहे; बाजारात, बसमध्ये, कोणी वळूनही पाहत नाही. अडचण उरली आहे ती एवढीच : कोणी वेळ विचारली आणि त्यांनी काळ्या घड्याळाकडे पाहिले, की विचारणारा त्यांचा हात धरून थांबवतो आणि म्हणतो, "त्याच्यातली नको दादा, चांगल्या घड्याळातली सांगा."