अकराव्या पुलावरची ओटी

बाळांनो, एका जंगलात एक नदी होती आणि तिच्यावर अकरा पूल होते. नदी तशी लहानच. पण सिंहमहाराजांच्या दर वाढदिवसाला एक पूल, अशी तिथली रीत होती.

पूल अस्वलसाहेब बांधत. खांब जाडजूड, कमानी अरुंद. पूल दणकट दिसला पाहिजे, एवढंच ते बघत. पाणी कुठून जाणार हे नकाशात नव्हतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

प्राणी मोठे धार्मिक. निर्माल्य घरात ठेवत नसत, पुलावरून नदीत सोडत. तेही प्लास्टिकच्या पिशवीसकट. पुढे कुणीतरी पुलाला जाळी लावली, तेव्हा सगळ्यांनी मिळून जाळीला भोक पाडलं. एरवी त्या जंगलात एकी औषधालासुद्धा नव्हती.

अकराव्या पुलाशेजारी, काठावर, रखमा नावाच्या पाणमांजरीचं बीळ होतं. आत तीन पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. पावसाने पाणी चढू लागलं तशी ती अस्वलसाहेबांकडे गेली.

"सायेब, सात कमानींतल्या सहा कचऱ्यानं बुजल्यात. तेवढा कचरा काढा, न्हाईतर पाणी माझ्या बिळात शिरंल."

"कचऱ्याचं खातं वेगळं, बाई. माझं पुलाचं," अस्वलसाहेब म्हणाले. "आणि उद्या खुद्द महाराज येताहेत. काळजी कसली करतेस?"

महाराज येणार म्हणजे काम होणार, असं रखमाला वाटलं. भोळी होती बिचारी. पिल्लं हलवायची सोडून ती वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पूर बघायला सगळं जंगल पुलावर लोटलं. माकडांनी कणसांची गाडी लावली. महाराज आले, त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नदी कोपली आहे. तिची ओटी भरू."

"म्हाराज, आधी कमानी मोकळ्या करा," रखमा खालून म्हणाली. "पाणी बिळाच्या तोंडाशी आलंय."

"अगं, तुझ्यासाठीच तर ओटी भरतोय."

हळदकुंकू, खण, नारळ आणि हिरवं नऊवारी लुगडं पाण्यात पडलं. लुगडं वाहत गेलं ते उरलेल्या एकुलत्या कमानीत आडवं बसलं. त्यावर पिशव्या येऊन थडकल्या. पाणी मागे फिरलं आणि काठावर चढलं.

रखमाने एक पिल्लू तोंडात धरून वर आणलं. दुसरं आणलं. तिसऱ्यासाठी वळली तर बीळ कुठे होतं तेच दिसेना. ती किती वेळ बुड्या मारत होती. पुलावरून सगळ्यांना ते छान दिसलं. सांगताना मला अजून संताप येतो, पण गोष्ट पुरी केली पाहिजे.

संध्याकाळी पाऊस थांबला, पाणी ओसरलं. "बघा, ओटी पावली," महाराज म्हणाले.

पुढच्या महिन्यात बारावा पूल मंजूर झाला. त्याला रखमाच्या पिल्लाचं नाव द्यायचं ठरलं. अस्वलसाहेब कागद घेऊन नाव विचारायला गेले.

"बारसं व्हायचं हुतं त्याचं, सायेब," रखमा म्हणाली.

"मग महाराजांचंच देऊ," अस्वलसाहेब म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

तात्पर्य : घर नदीकाठी करू नये, पुलावर करावं. तिथे पाणी पोचत नाही आणि महाराज पोचतात.