मामंजी आणि सृष्टीचा दरबार

लग्न होऊन भोरला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते बेडूक होते.

मी घागर घेऊन परसात गेले, तर रहाटाजवळ हिरवा अंगरखा घातलेला साठीचा माणूस उकिडवा बसलेला. गाल फुगवलेले, डोळे वटारलेले. मी घागर टाकून आत पळाले. मागून आवाज आला, "भिऊ नको मुली, उद्याचा खेळ झाला की मी परत माणूस हाय."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे हे पुण्याला छापखान्यात कामाला, महिन्यातून एकदा घरी येत. म्हणजे एरवी घरात हा बेडूक आणि मी, दोघंच.

मामंजी संस्थानच्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. नोकरी संपली की माणसं देवदेव करतात. मामंजी गावोगावच्या शाळा हिंडू लागले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक झाकणाची वेताची पेटारी. ट्रंकेत सुगरणीचं घरटं, साळिंदराचे काटे, गांधीलमाशीचं पोळं आणि सोंगांचे कपडे. खेळाचं नाव 'सृष्टीचा दरबार'. शाळेची प्रार्थना झाली की पोरं ओळीने बसवायची. ती सरकार. मग मामंजी एकेक प्राणी होऊन पुढे यायचे आणि आपली कैफियत मांडायचे. गांडूळ म्हणायचं, "सरकार, मी शेतकऱ्याचा बिनपगारी गडी. त्याच्या आधी मी नांगरतो, आणि हा मला गळाला लावून मासे धरतो!" पोरं ओरडायची, "सोडा त्याला, सोडा!"

मी चौथी पास, याचं त्यांना फार कौतुक. ट्रंकेतल्या वस्तूंवरच्या नावांच्या चिठ्ठ्या मी लिहायची, सोंगं मी शिवायची. वटवाघळाचे पंख मोडक्या छत्रीचे केले होते, काड्यांसकट. ते पंख लावून वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेत मामंजी तुळईला गुडघे अडकवून उलटे लोंबकळले. "सरकार, लोक मला उलटा म्हणतात. माझ्या जागेवरून बघा, तुम्हीच उलटे दिसता!" टाळ्या पडल्या. पण मग त्यांना उतरता येईना. शेवटी तिथल्या गुरुजींनी त्यांना खांद्यावर घेतलं. गुरुजींच्या खांद्यावरून मामंजी म्हणाले, "मुलांनो, खऱ्या वटवाघळाला गुरुजी लागत नाहीत, एवढा फरक ध्यानात ठेवा."

हे सगळं ते स्वतःच मला सांगत, आणि सांगताना माझ्याआधी हसत.

कापूरहोळला एकदा सर्व्हिस मोटारीची वाट बघताना त्यांनी उतारूंना कोळ्याचं जाळं समजावून द्यायला घेतलं. मोटार आली, उतारू चढले, मोटार गेली. मामंजी आणि कोळी तिथेच. घरी चालत आले ते खुशीत. म्हणाले, "जाळं पुरं झालेलं बघितलं."

त्यांचा एक शब्द साऱ्या गल्लीला पाठ होता. कुणी काही सांगितलं की ते विचारायचे, "बघितलंस का ऐकलंस?" शेजारच्या काशीबाई एक दिवस रडत आल्या. "मास्तर, माजी तलंग कोंबडी मुंगसानं नेली वो!"

"बघितलंस का ऐकलंस?"

"आता मुंगूस काय सांगून नेतंय व्हय?"

मामंजी खुराड्याशी जाऊन बसले. माती बघितली, पिसं बघितली, दुपारपर्यंत पत्ता लावला. तलंग मुंगसाने नाही, काशीबाईंच्या जावयाने नेली होती. तेव्हापासून काशीबाई त्यांना काही सांगायच्या बंद झाल्या.

आता पेटारीचं सांगते. पेटारीत धामण होती. जिवंत, माझ्या हाताहून लांब, पिवळट तपकिरी. मामंजी तिला बाईसाहेब म्हणत. "सरकार, ही शेतकऱ्याची मांजर हाय. उंदीर खाते, धान्य राखते, विष औषधाला न्हाई. आणि लोक काय म्हणतात? म्हणे म्हशीच्या पायाला येटाळं घालून दूध पिते!" एवढं बोलून ते तिला गळ्यात घालत. पुढच्या ओळीतली पोरं मागच्या ओळीवर जाऊन पडत.

त्या साली चैत्रात माझ्या माहेरी, हिर्डोशीला, जत्रा होती. मामंजी मला पोचवायला येणार आणि तिथल्या शाळेत दरबारही भरवणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे पैज लागली. माझे वडील, आबा, पाच म्हशींचे मालक. मागच्या खेपेला ते भोरला आले तेव्हा दोन्ही व्याही ओसरीवर जुंपले होते.

"मास्तर, धामण दूध पिती. आमच्या चांदी म्हशीच्या सडाला तोंड लावल्यालं हाय तिनं."

"बघितलंत का ऐकलंत?"

"आमच्या बापानं बघितलंय!"

"म्हणजे ऐकलंत."

आबा चिडले. "आना तुमची धामण. समद्या गावाम्होरं दूध ठिवतो. प्याली तर?"

"तर पेटारी तुमच्या दारात ठेवून जाईन. ह्या जन्मात कुठल्या शाळेत धामणीचं नाव काढणार न्हाई. आणि न प्याली तर हिर्डोशीत कुणी धामणीवर काठी उचलायची न्हाई."

"बोला हर हर महादेव," आबा म्हणाले आणि सुपारी कातरली.

जत्रेच्या आधी मामंजींना पाच दिवस गुंजवण्याकडे जायचं होतं. तिथल्या गुरुजींनी पत्र धाडलं होतं: 'सर्व प्राणी आणावेत. धामण आणू नये. मागील खेळानंतर अर्धी शाळा चार दिवस आली नाही.' तेव्हा पेटारी घरी राहिली. जाताना मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, पेटारीत मातीचा परळ हाय, त्यात रोज सकाळी पाणी घाल. खायला न्हाई दिलं तरी चालतं, पाणी पायजे. काही करत न्हाई ती. झाकण जरा उचलायचं, बास."

मी मान हलवली. सासऱ्यांपुढे मान हलवण्यापलीकडे मला काही येतच नव्हतं.

पहिल्या दिवशी तांब्या घेऊन पेटारीशी गेले. झाकणाला हात लावला, तर आतून फूत्कार आला. मी तांब्यासकट स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी काशीबाईंना बोलवावं म्हटलं, पण मग ते गल्लीभर झालं असतं. चौथ्या दिवशी वाटलं, तीन दिवसांची तहानलेली ती, आता झाकण उघडायचं कसं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मामंजी आले. दमलेले, पायाला फोड आलेले.

"पाणी घातलंस ना रोज?"

मी मान हलवली.

साऱ्या जगाला पुरावा विचारणारा तो माणूस. पण मला त्यांनी विचारलं नाही. पेटारी उघडूनही बघितली नाही. पहाटे बैलगाडीत चढवली आणि आम्ही निघालो. वाटभर ते नदीकाठचे पक्षी दाखवत होते. मला पेटारीखेरीज काही दिसत नव्हतं. हिर्डोशी येईपर्यंत दहादा बोलायला तोंड उघडलं आणि दहादा मिटलं.

शाळा भैरोबाच्या देवळात भरत असे. दुपारी सभामंडपात पोरं, मागे बाप्ये, खांबांआड आम्ही बायका. बेडूक झाला, गांडूळ झालं. मग मामंजींनी बाईसाहेबांना बाहेर काढलं आणि फरशीवर सोडलं. आबांनी चांदीचं धारोष्ण दूध पितळीत आणलं होतं. ते तिच्यापुढे ठेवून कमरेवर हात देऊन उभे राहिले.

"सरकार," मामंजी पोरांना म्हणाले, "आता ऐकायचं न्हाई. बघायचं."

धामणीने जीभ लवलवली. पितळीशी गेली. आणि तोंड बुडवून ती प्यायली. घोट घोट प्यायली. तिच्या गळ्याची हालचाल मला खांबाआडून दिसत होती.

देऊळ दणाणलं. आबांनी पागोटं उडवलं. "बघितलंत का ऐकलंत, मास्तर? बघितलंत का ऐकलंत?" पोरंही तेच ओरडायला लागली.

मामंजी हलले नाहीत. त्यांनी वाकून पेटारीत पाहिलं. परळ बाहेर काढला. कोरडा ठणठणीत. त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळं पुरं झालेलं होतं. मग त्यांनी मान वर करून खांबांकडे पाहिलं. मला पाहिलं. मी पदर तोंडावर ओढला.

त्यांनी अंगठ्याने जाळं पुसून टाकलं.

"सरकार," ते म्हणाले, आणि आवाज दरबारातला नव्हता. "तहानलेलं जनावर पुढं येईल ते पितं. हिला पाच दिवस पाणी न्हाई. म्या पाजलं न्हाई. गुन्हेगार मी हाय, धामण न्हाई."

"लई झालं!" मागून कुणीतरी म्हणालं. "हरला की मास्तर. आता कारणं सांगतोय."

"आन् पाळल्याल्या जनावराला पानी न्हाई?" एक म्हातारी म्हणाली. "कसला वो मास्तर!"

मामंजींनी ते ऐकून घेतलं. धामणीला पेटारीत ठेवलं, परळ भरून दिला आणि पेटारी उचलून आबांच्या दारात ठेवून आले. शब्द तो शब्द. ट्रंक बांधताना त्यांनी बेडकाचा अंगरखा तीनदा घडी घातला आणि तीनदा मोडला.

संध्याकाळी आबा गोठ्यात धार काढत होते. मी जाऊन उभी राहिले. सासरी नसला तरी माहेरी मला आवाज होता.

"आबा, पानी म्या घातलं न्हाई. मला भ्या वाटलं. मामंजींला म्या घातलं म्हनून सांगितलं."

धारेचा आवाज थांबला. "त्यांला ठावं हाय?"

"परळ बघितला त्यांनी. मग माझ्याकडं बघितलं."

आबा बादलीतला फेस बघत राहिले. चांदीने शेपटी मारली तरी मान वर केली नाही. मग म्हणाले, "समद्या गावाची बोलनी खाल्ली त्यानं. आन् माझ्या म्होरं! माझ्या म्होरं तर हरायचं त्याच्या जिवावर येतं." परत धार सुरू झाली. "जा, आईला सांग, व्याह्यांला आज पुरनपोळी."

सकाळी आबांनी स्वतःच देवळात पोरं गोळा केली. का, ते कुणालाच सांगितलं नाही. "कालचं खरं न्हाई. जत्रेच्या गडबडीत पैज नीट झाली न्हाई. परत ठिवतो दूध." रात्रभर पाणी मिळालेल्या बाईसाहेबांनी पितळीकडे ढुंकून पाहिलं नाही. उलट पितळीवरून सरपटत गेल्या, दूध सांडलं, आणि सरळ आबांच्या धोतराकडे निघाल्या. आबा देवळाच्या कट्ट्यावर चढले.

"बरं, मास्तर! न्हाई पीत! उचला तिला आधी!" आणि पेटारीचं झाकण लागल्यावर, खाली उतरता उतरता, "पन म्हशीच्या पायाला येटाळं घालती, ती घालतीच."

मामंजींचा चेहरा असा उजळला, की पोरं पुन्हा ओळीने बसली.

जत्रा झाल्यावर आम्ही पेटारीसकट भोरला परतलो. वाटेत मामंजी नेहमीसारखे बोलले, पक्ष्यांचंच. त्या गोष्टीचं अवाक्षर नाही. मला वाटलं, आता बोलतील, मग वाटलं, घरी गेल्यावर बोलतील.

दुसऱ्या दिवशी परसात करवतीचा आवाज आला. त्यांनी वेळूचं एक पोकळ पेर कापलं होतं. पेटारीच्या झाकणाला भोक पाडून ते त्यात तिरकं बसवलं, आतलं तोंड बरोबर परळावर येईल असं. बाहेरून पाणी ओतायचं. झाकण उचलायचं कामच नाही. मग तांब्या पेटारीजवळ ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसले.

मी तांब्या उचलला. आत फूत्कार झाला. मी तोंड फिरवून लांबूनच ओतलं, तर निम्मं पाणी जमिनीवर गेलं. निम्मं मात्र नळीतून खळखळत आत गेलं.

"सांडू दे," मामंजी ओसरीवरूनच, मागे न बघता म्हणाले. "वीस वर्सं झाली धामणी पाळतोय. माझंबी सांडतं."