बावन्न वजा सत्तावीस या मोहिमेची बखर

॥ श्रीपाटी प्रसन्न, खोडरबर साह्य ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, सोमवार, ते दिवशी राज्यावर वजाबाकी चालून आली. राज्य कोणते हे लिहिण्याची आज्ञा नाही. दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक मुदपाकखाना, इतकाच मुलूख. तेथे यशोधनराव महाराज आणि मृदुला बाईसाहेब राज्य करीत, आणि त्यांस एकच कन्या, शर्वाणी नामे, इयत्ता तिसरी, बहुत गुणी, सांगितलेले ऐकणारी. तीस शाळेतून सोनटक्के बाईंचा खलिता आला की, शुक्रवारी फळ्यावर हातच्याची वजाबाकी करून दाखवावी. मागील खेपेस फळ्यापाशी राजकन्येस काही सुचले नाही, खडू हातात तैसाच राहिला आणि अवघा वर्ग हसला. तेव्हापासून राजकन्या जेवताना म्हणे, "मला गणित येतच नाही. मी ढ आहे." हे ऐकून महाराजांस आणि बाईसाहेबांस पोळी गोड लागेना. गणित गेले तरी चालेल, परंतु पोरीच्या तोंडचा हा शब्द जावा, ऐसे उभयतांस मनापासून वाटले.

मग मसलत होऊन महाराजांनी दिवाणखान्यात सोफ्यावर तळ ठोकला, आणि बाईसाहेब मुदपाकखान्यात पोळ्यांच्या आघाडीवर उभ्या राहिल्या, आणि राजकन्या वही घेऊन दोहों सुभ्यांत जासुदासारखी फिरू लागली. पहिला शत्रू बावन्न वजा सत्तावीस. महाराज चष्मा चढवून वदले, "दोनातून सात जात नाहीत. मग वरच्या दोनाचे बारा करायचे, आणि खाली दशकाला हातचा एक द्यायचा. तिथल्या दोनाचे झाले तीन. आम्ही असंच शिकलो." राजकन्येने खाली तीन केले. इतक्यात महाराजांस कचेरीचा फोन आला, आणि राजकन्या पुढील हुकमासाठी मुदपाकखान्यात गेली. बाईसाहेब लाटणे न थांबवता वदल्या, "बारा केलेस ना? मग ते दहा आले कुठून? वरच्या पाचातूनच ना गं? पाचाचे चार कर. पुस्तकात असंच दिलंय." राजकन्येने वर चार केले. बाईसाहेबांस खालचे तीन दिसले, आणि ते कोणाचे कृत्य हेही समजले, परंतु मुलीसमोर एकमेकांचे बोलणे खोडायचे नाही, ऐसा तह कन्येच्या बारशादिवशीच जाहला होता, आणि तो आजवर मोडला नव्हता. सबब त्या पुढची पोळी लाटू लागल्या. मग बारातून सात गेले, पाच उरले; चारातून तीन गेले, एक उरला; उत्तर पंधरा. पुस्तकामागे पाहतात तो पंचवीस! दुसरे गणित, एक्काहत्तर वजा चौतीस. पाहिजेत सदतीस, आले सत्तावीस. तिसरे, ऐंशी वजा एकोणीस. पाहिजेत एकसष्ट, आले एक्कावन्न.

दर गणितामागे दहा गहाळ होतात, हे कळताच राज्यात एकच हलकल्लोळ उडाला. मंगळवारी महाराजांनी सोफ्याच्या गाद्या उचलविल्या. तेथे दोन पेन्सिली आणि एक अर्धे बिस्कीट कैद जाहले, परंतु दहा नव्हते. मग पेन्सिल फितूर असावी म्हणून ती बदलली, आणि मग खोडरबराने ऐसी लढाई दिली की वहीच्या पानास खिंडार पडून पलीकडचे परिसर अभ्यास दिसू लागले. बुधवारी महाराज हात टेकून कन्येस विचारते जाहले, "राणी, तू नेमकं काय करतेस?" राजकन्या वदली, "बाबा, तुम्ही सांगितलं खाली एक दे. आईनं सांगितलं वरचा एक घे. मी दोघांचंही ऐकते." उभयतांच्या माना खाली गेल्या. लेकराने आज्ञा पाळली आणि ढ ठरले, याची त्यांस फार लाज वाटली.

त्याउपरि दोघांनीही आपापल्या मनी ठरविले की आपण माघार घ्यावी, आणि भिडेपोटी हे एकमेकांस कळविले नाही. गुरुवारी तेच गणित पुन्हा मांडले, तेव्हा महाराज प्रेमाने वदले, "खालच्या दोनाला हात लावू नकोस. ते आमच्या वेळचं झालं." मुदपाकखान्यात बाईसाहेब त्याहून प्रेमाने वदल्या, "वरच्या पाचाला हात लावू नकोस गं. बाबांना वाईट वाटेल." राजकन्येने बारातून सात काढले, दशकात कशासही हात लावला नाही, आणि उत्तर पस्तीस आले. तेव्हा राजकन्येने पेन्सिल आपटली आणि दोहों सुभ्यांच्या मधल्या दारात उभी राहून गर्जना केली, "सोमवारी पंधरा, आज पस्तीस! मी ढ नाहीये! तुम्ही दोघं एकदम सांगता!" पोळी तव्यावर करपली, कचेरीचा फोन वाजत राहिला. मग राजकन्येचा हुकूम जाहला की एका वेळी एकानेच बोलावे. आणि प्रथम आईच्या रीतीने गणित केले, पंचवीस. मग बाबांच्या रीतीने केले, पंचवीस. महाराज तीनदा पाहते जाहले, दोन्हीकडे पंचवीसच!

शुक्रवारी, वद्य पंचमीस, राजकन्या फळ्यापाशी गेली आणि खडू न अडखळता चालला. सोनटक्के बाईंनी पुसले, "शाब्बास. हातचा कसा घ्यायचा, सांगशील?" राजकन्या वदली, "बाई, वरून घेतला तर खाली द्यायचा नाही. खाली दिला तर वरून घ्यायचा नाही. आणि आईबाबांना एकाच दिवशी विचारायचं नाही." वर्ग हसला, आणि या खेपेस राजकन्याही हसली.

एकूण मोहीम पाच दिवस चालली, एक वही आणि सात पोळ्या कामी आल्या, दहा सापडले. राजकन्या ते दिवशी तो शब्द न काढता पोटभर जेवली. लिहिणारास गणित येत नाही, सबब यातील आकडे राजकन्येकडून तपासून घेतले आहेत.