जेवल्याबिगर भाव न्हाय

जुनं पोकलेन बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला जेवू घातल्याशिवाय भाव न सांगणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी शिवाप्पा.

अणदूरकडच्या आमच्या गावातल्या निम्म्या विहिरी या पोकलेननं खोदल्या. आता ते अंगणात उभं. अप्पांचा मुलगा पुण्याहून फोन करायचा, "अप्पा, वरसाला किंमत उतरायलीय. भंगारात जायच्या आत इका."

"इकू की! घाई कुणाला हाय?"

गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग शेंगा, मग चौकशी. गाव कुठलं, पाव्हणे कुठले, पोरीचं जमलं का? ढोकीचा एक ठेकेदार वैतागला, "अप्पा, इंजिन दाखवता का सोयरीक जुळवता?"

"दोन्ही बघू. बसा तर!"

काकू गेल्यापासून भाकरी अप्पाच थापतात. जेवणं झाली की सौदा, तोही बैलबाजारासारखा: उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून. कुणी तोंडानं आकडा बोलला की अप्पा कानांवर हात ठेवत. आणि भाव जुळत आलाच तर स्वतःच मशीनची खोड काढत, "बकेटची पिन लई ढिली झालीय बरं का. तेलबी गळायलंय. घरी इचारा, पुन्हा या."

माणसं खरंच पुन्हा येत.

अप्पांच्या ओसरीवर अभ्यास करून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. म्हणून फोनवर जाहिरात टाकायचं काम मुलानं माझ्यावर सोपवलं. उपकार फेडायची संधी समजून मी झकास फोटो काढले. दुसऱ्याच दिवशी बिदरच्या एकानं व्हिडिओवर मशीन बघितलं आणि भाव कबूल केला.

"येणार कवा?" अप्पांनी विचारलं.

"यायची गरज नाही म्हणाले. ट्रेलर पाठवतात."

"जेवायलाबी न्हाय?"

खोड काढून झाली, पिन सांगून झाली; बिदरकर हलेना. मुलगा म्हणाला, "अप्पा, यापेक्षा चांगला भाव येणार न्हाय." ते खरंच होतं. अप्पांनी मान हलवली.

ट्रेलरवाला घाईत होता. उभ्यानं पाणी प्याला, मशीन चढवलं, गेला.

त्यानंतर आठवडाभर अप्पांच्या अंगणात कुणाचा आवाज नव्हता. मग एका सकाळी ते आमच्या दारात आले.

"सुधाकर, तुझी ती मोटारसायकल इकायची हाय का?"

"नाही हो अप्पा. रोज लागते मला."

"इकू नको की. सुट्टीच्या दिवशी नुसती माझ्या अंगणात लाव. आन् फोनवर तेवढं टाक, इकायची हाय म्हणून. चार माणसं येत्याल बघायला."

मी किल्ली आणायला आत गेलो.