वाघाला मान आधी द्यावा की नंतर

एका जंगलात फाल्गुन शुद्ध तृतीयेला सकाळी धुकं होतं, मग कोरडं ऊन पडलं. वारा पश्चिमेचा होता. वारा लक्षात ठेवा, बाळांनो. तो पुढे लागणार आहे.

या जंगलात वाघ दिसला की उंच सागावर बसलेला वानर "खॅक!" असं ओरडायचा आणि सगळे पळायचे. पणजोबांपासून हेच चाललं होतं.

त्या सकाळी वानराला आपल्या हाकेची लाज वाटली.

"खॅक ही काय हाक झाली?" तो म्हणाला. "ठसका लागल्यासारखी वाटते. सुधारलेली जंगलं परदेशी भाषेत ओरडतात."

"कुठली जंगलं?" भिंगरीने विचारलं.

"सुधारलेली," वानर म्हणाला.

भिंगरी ही चितळीण. तिच्या टिकली नावाच्या पाडसाचा पाय दगडांत मुरगळला होता. टिकलीला पळता येत नव्हतं, नुसतं लंगडता येत होतं. म्हणून भिंगरीला हाक वेळेवर हवी होती. ती कुठल्या भाषेत येते, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

परदेशी भाषा येणारे जंगलात दोघेच. एक चक्रवाक. तो दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून यायचा. येता-जाता भूतानच्या नदीवर उतरायचा, म्हणून त्याला तिथली झोंगखा यायची. दुसरा कायतान कोंबडा. तो गोव्याचा. एसटीच्या टपावरच्या टोपलीतून घाटात उडी मारून त्याने जीव वाचवला होता. त्याच्या घराण्यात पोर्तुगीज होती. एका म्हाताऱ्या पाद्रीच्या अंगणात दाणे टिपताना ती आपोआप पोटात गेली होती.

दोन्ही भाषांची तुलना करायचं ठरलं. गवाअण्णा अध्यक्ष झाले, कारण ते आधीच मधोमध बसलेले होते आणि त्यांना उठा म्हणणार कोण? पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून वानर सागावरून खाली उतरला.

"अहो वानरभावजी, मग वर कोण बघणार?" भिंगरी म्हणाली.

"वर काय वहिनी, तेच ते दिसतं."

कायतानने सुरुवात केली. "पोर्तुगीज तुम्ही सगळे बोलताच की! पाव, बटाटा, साबण, चावी, घमेलं. सगळं आमचं!"

"पाव आमचा आहे," वानर उखडला. "घाटातल्या गाड्यांमधून मी स्वतः आणतो."

चक्रवाक शांतपणे म्हणाला, "झोंगखात लिहितात पुष्कळ, बोलतात थोडं. वाघ लिहायला तीन अक्षरं लागतात. म्हणायचं नुसतं 'ता'."

"मग बाकीची दोन अक्षरं काय करतात?" कायतानने विचारलं.

"हजर असतात."

"आपल्या अध्यक्षांसारखी," वानर हळूच म्हणाला. गवाअण्णांनी कान हलवला.

"आता आमचा वाघ ऐका!" कायतानने छाती फुगवली, नाकातून हवा ओढली आणि आरोळी दिली, "तिग्र!"

टाळ्या पडल्या.

"कोण हाक मारतंय?" मागून जाड आवाज आला.

वाघ आला होता. तो पूर्वेकडून आला होता आणि वारा पश्चिमेचा. त्याचा वास कोणालाच लागला नाही. सागावर तर कोणी नव्हतंच.

पण कोणी पळालं नाही. खॅक कुठे झालं होतं?

वाघ दोन दिवसांचा उपाशी होता. टिकली त्याच्यापासून एका झेपेवर होती. करवंदीची दाट जाळी तिच्यापासून बरीच लांब. वाघाने टिकलीकडे पाहिलं आणि मिशा चाटल्या.

भिंगरी खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराज, बरे आलात! तुमच्यावाचून अडलं होतं. झोंगखा चांगली की पोर्तुगीज?"

वाघाला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं. तो खाली बसला.

"दोन्हींत मला काय म्हणतात?"

त्याला सांगितलं. तो गंभीर झाला. "तिग्र. भारदस्त आहे. पण 'ता'? माझी दोन अक्षरं गिळली कोणी?"

"गिळली नाहीत महाराज, मागे उभी असतात," चक्रवाक म्हणाला.

"म्हणजे हुजरे! मग ठीक." वाघ उठू लागला. त्याची नजर पुन्हा टिकलीकडे वळली. ती एक पाय उचलून जाळीच्या दिशेने निघाली होती.

"आणि मानाचं काय?" भिंगरी घाईने ओरडली. "महाराजांना मान कोणत्या भाषेत जास्त?"

वाघ पुन्हा बसला.

"आमच्यात मान आधी," कायतान म्हणाला. "सेन्योर तिग्र!"

"आमच्यात मान नंतर," चक्रवाक म्हणाला. "वाक्य संपलं की शेवटी हळूच 'ला' लावायचा."

वाघाने बराच वेळ विचार केला. "शेवटी? अरे, माझ्याशी बोलणारा वाक्याच्या शेवटापर्यंत टिकतो का? आजवर किती जणांचे 'ला' राहून गेले असतील!"

सभा हळहळली.

"पण महाराज," भिंगरी म्हणाली, "आधी मान देऊन पुढे शिवी दिली तर?"

"असं म्हणतेस?" वाघ चमकला. "मग शेवटचा मान बरा. तो शिवी पुसून टाकतो."

"आणि शेवटी मान देईपर्यंत तुम्हाला राग आला तर?"

"तेही खरं." वाघाने कपाळाला पंजा लावला. "बाई, तू फार खोलात जातेस."

"दोन्हीकडून मान द्यावा," गवाअण्णा म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले होते.

मग काय विचारता! "सेन्योर ता ला!" कायतान आरवला. "सेन्योर तिग्र ला!" चक्रवाकाने दुरुस्ती केली. वाघ मान डोलावत म्हणाला, "पुन्हा म्हणा. आता नाकातून. आता डोंगरातल्यासारखं." सगळं जंगल नाकातून आणि डोंगरातल्यासारखं ओरडू लागलं. मोरांनी फेर धरला. ऊन कलून गेलं, तरी वाघाचं मत बनत होतं. भिंगरीची जीभ प्रश्न विचारत होती आणि डोळा जाळीकडे होता. टिकली एक पाऊल टाकायची, थांबायची, पुन्हा टाकायची.

शेवटी टिकलीची शेपटी करवंदीत दिसेनाशी झाली.

"माझे प्रश्न संपले," भिंगरी म्हणाली.

"माझं मत नाही संपलं," वाघ म्हणाला.

एवढ्यात वानराला भूक लागली. तो पाव ठेवलेल्या सागावर चढला. फांदीवर बसून त्याने सवयीने खाली पाहिलं. सभेच्या मधोमध वाघ!

"खॅक!"

क्षणात सभा रिकामी झाली. गवाअण्णासुद्धा उठले. कायतान आणि चक्रवाक एकाच फांदीवर जाऊन आपटले. वाघही चार ढांगा जोरात पळाला. मग त्याला आठवलं, की वाघ तो स्वतःच.

निकाल असा: झोंगखाला एक मत, पोर्तुगीजला एक मत, दोन्ही वाघाची. हाक खॅकच राहिली. टिकली जाळीत झोपली. वाघ त्या रात्री उपाशी राहिला.

तात्पर्य: बाळांनो, संकट समोर येऊन बसलं की पळू नये, कामाचं बोलू नये. वाद घालावा. विषय मात्र असा निवडावा, की त्यातलं कोणालाच काही कळत नसेल आणि संकटाला मत द्यावंसं वाटेल.