तंत्रज्ञान समितीची पहिली बैठक

"समिती कशी नेमायची, ते लोकांनी माझ्याकडून शिकावं," परिपत्रकराव बूट घालता घालता बायकोला म्हणाले. बायकोनं हातात डबा देऊन विषय संपवला.

परिपत्रकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात ते प्रशासन अधिकारी होते. वीस वर्षांत त्यांनी इतकी परिपत्रकं काढली, की कामगारांनी त्यांना हे नाव बहाल करून टाकलं. जिना कुठल्या बाजूनं चढावा, यावरसुद्धा त्यांचं एक परिपत्रक होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त गोष्ट कागदावर आली की काम झालं, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती.

तर झालं असं, की मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. कारखान्यात जो तो आपल्या मर्जीनं सॉफ्टवेअर घेतोय, यंत्रं जोडतोय, कशाचा कशाला मेळ नाही. तेव्हा या कारभाराला वळण लावणारी एक समिती नेमा. पहिली बैठक बघायला संचालक बाई स्वतः येणार होत्या. समिती पसंत पडली, तर तिच्या अध्यक्षाला बढती आणि मुख्य कार्यालयात बदली! बायकोनं ही बातमी आपल्या बहिणीला सांगूनही टाकली होती. म्हणजे परतीचे दोर कापलेले.

रावांनी एका दिवसात समिती उभी केली. सात सदस्य, सातही अधिकारी, अध्यक्ष अर्थातच स्वतः. कारखान्यातले संगणक, यंत्रं, भोंगे हे सगळं खरं तर एकटा वायरमन सांभाळायचा. त्याला समितीत घ्यावं, असं स्टोअरच्या बाईंनी सुचवूनही पाहिलं. पण ही धोरण ठरवणारी समिती आहे, तिथे खिशात पक्कड घेऊन फिरणारा माणूस शोभायचा नाही, असं म्हणून रावांनी ते उडवून लावलं.

मग नियम आले. समितीचा ठराव झाल्याशिवाय कोणी कुठलंही उपकरण बसवायचं नाही, हलवायचं नाही, बंद करायचं नाही. ठराव एकमतानंच व्हायला हवा. आणि उपकरण कशाला म्हणायचं यावरून वाद नकोत, म्हणून व्याख्याही दिली: जिला वायर आहे, ती प्रत्येक वस्तू. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या कचेरीत सगळे पंखे गरागरा फिरत होते, कारण ते बंद करायला ठराव नव्हता. रावांना ही शिस्तच वाटली.

वायरमननं परिपत्रक दोनदा वाचलं आणि काहीतरी सांगायला आला. जे असेल ते लेखी द्या, राव म्हणाले. त्यानं लेखी दिलं. रावांनी न वाचताच 'समितीपुढे ठेवावा' असा शेरा मारून अर्ज फाइलला लावला. पहिल्याच दिवशी पहिला अर्ज! त्यांचा ऊर भरून आला.

बैठकीच्या दिवशी संचालक बाई अकराच्या ठोक्याला आल्या. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. रावांनी खास त्यांच्यासाठी विजेची किटली आणून बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली होती. परिपत्रक निघायच्या आधीच ठेवली होती, म्हणजे नियमभंगही नाही. त्यांनी स्वतः किटलीचं बटण दाबलं, घसा साफ केला, "तंत्रज्ञान हा आजच्या युगाचा..." इथवर आले, आणि आगीचा भोंगा वाजला.

भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदानात जमायचं आणि हजेरी झाल्याशिवाय आत जायचं नाही, हेही त्यांचंच परिपत्रक. दोनशे तीस माणसं बाहेर आली, यंत्रं थांबली, हजेरी झाली. आग कुठेच नव्हती. अर्ध्या तासानं सगळे आत गेले. पाणी निवलं होतं, म्हणून रावांनी पुन्हा किटली लावली आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा 'युगाचा' आणि पुन्हा भोंगा! मैदानात वायरमन जवळ येऊन पुटपुटला, की साहेब, जरा बोलायचं होतं.

"लेखी द्या."

"दिलंय."

"मग वाट बघा."

तिसऱ्यांदा भोंगा झाला, तेव्हा रावांना घाम फुटला. पण हार मानतील तर ते राव कसले? त्यांनी बैठक मैदानातच घ्यायचं ठरवलं. बादल्या पालथ्या घालून सदस्य बसले. संचालक बाईंना निळी बादली मिळाली. भोवती दोनशे तीस माणसं उन्हात उभी, आणि जेवणाची सुट्टी टळून गेलेली.

बाईंनी वायरमनला पुढे बोलावून विचारलं, "भोंगा का वाजतोय?"

"किटलीमुळे. तिच्या बरोबर वर धूर ओळखणारं यंत्र आहे. वाफ लागली की त्याला वाटतं, आग लागली."

"मग किटली हलवली का नाही?"

"तिला वायर आहे, बाई," वायरमन म्हणाला. "ठराव लागतो. मी परवाच अर्ज दिलाय."

बाईंनी फाइल मागून घेतली. अर्ज क्रमांक एक: किटली दोन हात डावीकडे सरकवावी. खाली रावांचा शेरा आणि झोकदार सही. कामगारांत खसखस पिकली. रावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाईंनी फाइल मिटली. यंत्र का ओरडतं हे ज्याला कळतं, तोच या समितीचा अध्यक्ष असावा, असा ठराव त्यांनी मांडला. किटलीचं काय ते नवा अध्यक्ष बघेल. सहा हात वर गेले. मग सगळं मैदान रावांकडे बघायला लागलं.

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "काय झालं बैठकीचं?"

"झाली. पहिल्याच बैठकीत ठराव, तोही एकमतानं."

"कसला?"

"अध्यक्ष बदलायचा."

"एकमतानं म्हणजे, तुम्हीही हात वर केलात?"

"नियम माझाच होता ना," राव बूट काढत म्हणाले.

"आणि बदलीचं?"

"अध्यक्षाची होणार होती, ती झाली. सोमवारपासून वायरमन मुख्य कार्यालयात, तिथून आमच्याकडेही बघणार." राव दुसऱ्या बुटाची नाडी सोडण्यात फार वेळ गुंतून राहिले. "परिपत्रक मीच काढलं."